नोटीस वाचताना भाडेकरूला शेजारी बसवा

दोन वर्षांपूर्वी ऐन श्रावणात ओवे गावातल्या आमच्या इमारतीच्या जिन्यात नोटीस चिकटवलेली सापडली. खळ अजून ओली होती. वर नाव माझ्या सासऱ्यांचं, आणि ते जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. आठ खोल्यांची ही इमारत त्यांनी आधी तळमजल्यापुरती बांधली, मग हाताशी पैसा आला तसा वरचा मजला चढवला. त्या वरच्या मजल्याच्या परवानगीचा कागद आमच्याकडे नाही. नोटिशीत दोन गोष्टी होत्या: वरचा मजला विनापरवाना आहे आणि जिन्याचा स्लॅब धोकादायक दिसतो.

संध्याकाळी घरातली माणसं बसली तेव्हा नोटीस कोणी धड वाचलीही नव्हती. तक्रार कोणी केली याचाच शोध चालला होता. दीर म्हणाले, ‘तीन नंबरच्या मावशीच असणार. काढा त्यांना बाहेर.’ मलाही ते क्षणभर पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच गेले. तीन नंबरच्या मावशी एकोणीस वर्षं त्या खोलीत राहतात, खारघरच्या सेक्टरांमध्ये पोळ्यांची कामं करतात. त्यांनी मला जिन्याखाली नेलं. तिथे एक जुनी ॲल्युमिनियमची परात ठेवलेली होती आणि परातीत सिमेंटचे ढलपे. ‘दर पावसाळ्यात भरते ही, ताई. बाबांना सांगितलं होतं. ते गेल्यावर भाडं न्यायला येतो त्या पोराला दोनदा सांगितलं.’ त्यातला एक तळहाताएवढा तुकडा मी उचलला. त्याच्या आतल्या अंगाला सळईची तांबूस खाच उमटलेली होती, माझं बोट त्यात बसेल एवढी. वर पाहिलं तर ती सळई उघडी, सोललेल्या डहाळीसारखी.

तक्रार मावशींनी केलेली नव्हती. केली असती तरी त्यांचं काही चुकलं नसतं.

हे मी लिहिते आहे ते माझ्यासारख्यांसाठी. ओवे, पेठाली, मुर्बी, बेलपाडा, कोपरा या गावांत कितीतरी जण असे आहेत, ज्यांनी स्वतः एकही भाडेकरू ठेवला नाही, पण वडील गेले किंवा इमारत विकत घेतली आणि खोल्यांबरोबर माणसंही पदरात आली. कोणी तळोजा एमआयडीसीत कामाला, कोणी रिक्षा चालवतं, कोणी गवंडीकाम करतं. करार असला तर कधीचाच संपलेला, पावत्या नाहीत, डिपॉझिट किती होतं ते फक्त गेलेल्या माणसाला ठाऊक. अशात नोटीस आली की हात आधी भाडेकरूकडे जातो. माझी कळकळीची विनंती आहे, तो हात आवरा. नोटीस उघडा, भाडेकरूला शेजारी बसवा आणि दोघं मिळून वाचा. इमारत कुठे गळते, कुठली भिंत पावसात ओल धरते, मीटरपेटीतून कधी ठिणगी उडाली होती, हे त्याला माहीत आहे. तुम्हाला नाही.

वाचताना आधी बघायचं की नोटीस कोणी दिली आहे. आपल्याकडे हा प्रश्न सोपा नाही, कारण एका गल्लीवर दोन यंत्रणांची छाया असते. १९७० मध्ये सिडको आली, ठाणे, पनवेल आणि उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी घेतल्या गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांनी केलेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, आणि त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना मिळाली. गावठाणं मात्र वाढली नाहीत. घरात सुना आल्या, नातवंडं झाली, मग लोकांनी होत्या त्या जागेवर मजले चढवले. पुढे १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महापालिका झाली आणि आसपासच्या गावांबरोबर ओवेही शहरात आलं. त्यामुळे जमिनीचा कागद एकीकडे, घरपट्टी दुसरीकडे असा प्रकार घरोघरी आहे. नोटिशीचं उत्तर चुकीच्या कार्यालयात देऊन निश्चिंत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

मग कलम बघा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम २६० असेल तर विनापरवाना बांधकामाबद्दल तुमचा खुलासा मागितलेला आहे. कलम २६४ असेल तर विषय पडण्याजोग्या बांधकामाचा आहे. कलम २६५-अ असेल तर तीस वर्षांहून जुन्या इमारतीच्या स्थैर्याचं प्रमाणपत्र हवं आहे. नगररचना अधिनियम १९६६ चं कलम ५३ असेल तर विनापरवाना बांधकाम काढा असं सांगितलेलं आहे, आणि त्याच कलमात बांधकाम कायम ठेवण्यासाठी परवानगी मागायची वाटही दिलेली आहे. या प्रत्येकाचं उत्तर वेगळं. विनापरवाना बांधकामाला कागदांनी उत्तर देता येतं, वेळ मागता येतो. पडण्याजोग्या स्लॅबला कागदांनी उत्तर देता येत नाही. आमच्या नोटिशीत दोन्ही गोष्टी होत्या आणि घरात सगळी चर्चा वरच्या मजल्याचीच चालली होती, कारण पैसे त्यात अडकलेले. माणसं जायची होती ती जिन्याखाली.

नोटीस मयताच्या नावाने आली म्हणून ती आपली नाही असं समजू नका. जबाबदारी वारसांवर येतेच. वारसनोंद करून घ्या, घरपट्टीवरचं नाव बदला, आणि भावंडं असतील तर एकाला लेखी अधिकारपत्र द्या, म्हणजे सुनावणीला एकच माणूस एकच गोष्ट सांगेल. उत्तर मुदतीत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. ‘मी मॅनेज करतो’ म्हणणारा कोणीतरी भेटतोच. त्याला दिलेल्या पैशाची पोच मिळत नाही, आणि मुदत मात्र निघून जाते.

१३ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने पाडकामाबद्दल देशभरासाठी दंडक घालून दिले. नोटीस नोंदणीकृत टपालाने द्यायची, बांधकामावरही लावायची, किमान पंधरा दिवस द्यायचे, म्हणणं ऐकून घ्यायचं आणि कारणं देऊन आदेश काढायचा. सार्वजनिक रस्ता, पदपथ, नदीपात्र अशा ठिकाणच्या बांधकामांना आणि न्यायालयाने पाडायला सांगितलेल्यांना हे संरक्षण नाही. म्हणजे तुम्हाला बोलायची संधी आहे. पण हे पंधरा दिवस हातपाय हलवण्यासाठी आहेत. पुढच्याच महिन्यात त्याच न्यायालयाने हेही सांगितलं की बांधकाम फार वर्षांचं आहे किंवा प्रशासन इतके दिवस गप्प बसलं, एवढ्यावर ते कायदेशीर ठरत नाही. ग्रामपंचायतीच्या काळातला असेसमेंटचा उतारा दाखवून ‘आमचं जुनं आहे’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. घरपट्टी भरल्याची पावती म्हणजे बांधकामाची परवानगी नाही. अवैध बांधकामाची शास्ती, म्हणजे घरपट्टीबरोबर लागणारा दंड, भरला तरी बांधकाम नियमित होत नाही. कायद्यातच तसं लिहिलेलं आहे.

आता भाडेकरूंबद्दल. मालमत्ता हस्तांतर कायदा १८८२ मधल्या कलम १०९ प्रमाणे जुन्या मालकाची जागा नवा मालक घेतो. हक्क येतात तशी बांधीलकीही येते. भाडेकरूने जुन्या मालकाला प्रामाणिकपणे भाडं दिलं आणि मालक बदलल्याचं त्याला कोणी कळवलंच नव्हतं, तर ते भाडं तुम्ही पुन्हा मागू शकत नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे एक साधं पत्र: मालकी अमुक तारखेपासून आमच्याकडे आली, भाडं यापुढे इथे द्या, तुमचं डिपॉझिट आणि राहायला आल्याचं वर्ष तुमच्या आठवणीप्रमाणे लिहून द्या. आम्ही हे पत्र दिलं तेव्हा पाच नंबरचे भाऊ रेशनकार्डाच्या पिशवीतून सासऱ्यांच्या हातची डिपॉझिटची चिठ्ठी घेऊन आले. आमच्या वहीत त्या रकमेची नोंदच नव्हती. ती चिठ्ठी आम्ही मान्य केली.

‘नोटीस आली आहे, खोली खाली करा’ हे वाक्य मालकाच्या तोंडी फार सहज येतं. नोटीस मालकाला आली म्हणून भाडेकरूचा हक्क सुटत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ जिथे लागू आहे तिथे पाणी किंवा वीज तोडून भाडेकरूला हैराण करणं हा गुन्हा आहे. तो कायदा परिशिष्टात दिलेल्या क्षेत्रांनाच लागू होतो, तेव्हा तुमच्या जागेचं काय ते वकिलाला सातबारा किंवा मिळकत पत्रिका दाखवून विचारा. तो लागू नसला तरी कुलूप ठोकून माणूस बाहेर काढता येत नाही. विशिष्ट अनुतोष कायद्याखाली तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो. आणि इमारत पाडली म्हणजे भाडेकरू आपोआप गेला, हा हिशोबही खोटा आहे. महाराष्ट्रातूनच वर गेलेल्या शहा रतनशी खिमजी विरुद्ध प्रपोज्ड कुंभार सन्स हॉटेल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं की इमारत गेली तरी जमीन राहते, आणि तेवढ्याने भाडेकरार संपत नाही. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याची कायदेशीर स्थिती वेगळी असते. पण वीस वर्षं तोंडी बोलीवर राहणारी मावशी म्हणजे लायसन्सवाली नाही, हे ओळखा.

मुद्दा अर्थात कायद्यापुरता नाही. ज्या माणसाने वीस वर्षं भाडं दिलं त्याच्या डोक्यावर आपला स्लॅब आहे.

त्या स्लॅबबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे आपण सगळेच चुकतो. पाणी झिरपून सळईपर्यंत पोचलं की ती गंजते. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे सळई फुगते आणि खालचं सिमेंटचं आवरण ढकलून पाडते. मावशींच्या परातीत येत होतं ते हेच. खाडीची खारी रेती नीट न धुता वापरली असेल तर हे आणखी लवकर होतं, आणि आपल्या भागात जुन्या कामांत काय वापरलं गेलं ते गवंड्यांना विचारा. यावर आपण करतो काय? वरून प्लास्टर मारतो, रंग देतो. आमच्याही जिन्याला दोनदा प्लास्टर झालं होतं. आतली सळई तशीच गंजत राहिली, फक्त ती दिसेनाशी झाली. वर गच्चीत भाडेकरूंच्या सोयीसाठी हजार लिटरच्या दोन टाक्या. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. दोन टन वजन आम्ही कोणालाही न विचारता त्या मजल्यावर ठेवलं होतं.

२७ जुलै २०२४ च्या पहाटे इथून जवळच, बेलापूरच्या शाहबाज गावातली इंदिरा निवास ही इमारत कोसळली आणि तीन जण गेले. वेळीच चाहूल लागल्यामुळे बरेच रहिवासी बाहेर पडले, नाहीतर आकडा वेगळा असता. २४ ऑगस्ट २०२० ला आपल्याच रायगडात, महाडला, तारिक गार्डन कोसळली. सोळा माणसं गेली. या काही शंभर वर्षांच्या चाळी नव्हत्या. इमारतीचं वय कमी आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

तेव्हा नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. तो हातोडीने ठोकून आवाज ऐकेल, यंत्राने काँक्रीटची ताकद मोजेल, खांब उघडून बघेल. त्याचा अहवाल लेखी घ्या आणि त्यात नेमकं काय म्हटलं आहे ते वाचा: राहून दुरुस्ती करता येईल, खाली करून करावी लागेल, की पाडावीच लागेल. आमच्या अहवालात जिना आणि त्याला लागून असलेल्या दोन खोल्या खाली करून दुरुस्ती लिहिलेली होती. त्याच दिवशी लोखंडी टेकू लावले आणि टाक्या रिकाम्या करून खाली आणल्या. भाडेकरू आठवडाभर बादल्यांनी पाणी वाहत होते. कोणी कुरकुरलं नाही, कारण अहवाल मी सगळ्यांना जिन्याशेजारी उभं करून वाचून दाखवला होता.

खोली दुरुस्तीसाठी खाली करून घेता तेव्हा भाडेकरूला कागद द्या. खोली क्रमांक, किती चौरस फूट, दुरुस्तीनंतर तीच खोली त्याच भाड्याने परत, मधल्या काळाचं भाडं नाही, आणि डिपॉझिट जसंच्या तसं. हा कागद नसेल तर तो हलणार नाही, आणि न हलण्यात त्याचं चुकतंय असं मला वाटत नाही. ‘दुरुस्ती’ म्हणून बाहेर पडलेली आणि परत कधीच न आलेली कुटुंबं त्याने पाहिलेली असतात.

विजेचं काम थोडक्यात सांगते. जिन्याखालच्या मीटरपेटीला टेकून दुचाक्या लावलेल्या असतील तर त्या आज हलवा. वायरिंग बदला, ईएलसीबी बसवा. खोलीत कोणी दुकान किंवा शिवणाचा कारखाना चालवत असेल आणि मीटर घरगुती असेल तर महावितरण तो अनधिकृत वापर धरू शकतं आणि मग आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. मोठ्या इमारतींत अग्निशमन यंत्रणा असेल तर परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं.

कधीकधी नियमभंग खरोखर भाडेकरूचाच असतो. पुढे पत्रा टाकून टपरी काढली, मोरीची भिंत पाडली, खोलीत बारा माणसं ठेवली. तेव्हाही आधी बसून बोला, मग लेखी कळवा, फोटो काढा, मुदत द्या. ऐकलं नाही तर वकिलामार्फत रीतसर जा. त्याने केलेलं पाडायची नोटीस तुमच्याच नावाने येणार, म्हणून तुमच्याकडे तुमच्या पत्राची प्रत हवी. पण एक विचारून बघा: ती मोरीची भिंत त्याने का पाडली? आमच्या सहा नंबरमध्ये पाडली होती ती सांडपाणी तुंबत होतं म्हणून. गटार आमचं होतं.

वरच्या मजल्याच्या नियमितीकरणाची आशा अनेकांना आहे. प्रकल्पग्रस्तांनी, म्हणजे नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्यांनी, गरजेपोटी बांधलेल्या घरांसाठी शासनाने वेळोवेळी निर्णय काढले, २०२२ मध्येही काढला. नगररचना कायद्यात ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या काही बांधकामांसाठी कलम ५२-अ आलं. तुमचं घर त्यात बसतं का, गावठाणापासून किती अंतरावर आहे, तुम्ही प्रकल्पग्रस्त आहात की नंतर विकत घेतलं, यावर सगळं ठरतं. अर्ज जरूर करा. पण नियमितीकरणाने जागेचा प्रश्न सुटतो, सळईचा गंज सुटत नाही. ‘निर्णय येऊ दे, मग दुरुस्ती करू’ म्हणत तीन पावसाळे काढू नका.

जे आता घ्यायला निघाले आहेत त्यांनी नोटरीवर खोली किंवा इमारत घेण्याआधी दोन फेऱ्या माराव्यात. एक कार्यालयात, माहिती अधिकाराचा अर्ज घेऊन: या मिळकतीवर आजवर कोणत्या नोटिसा निघाल्या? तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दुसरी फेरी संध्याकाळी सातनंतर, विकणाऱ्याला न घेता, भाडेकरूंच्या दारात. थकलेली घरपट्टीही मिळकतीवर बोजा म्हणून राहते आणि खरेदीबरोबर तुमच्याकडे येते, ती किंमत ठरवतानाच कापून घ्या.

भाडेकरूंनाही दोन शब्द. दारावरची नोटीस फाडू नका, फोटो काढून मालकाला पाठवा आणि मूळ कागद जपून ठेवा. गळती तोंडी सांगून थांबू नका, लिहून द्या. भाडे नियंत्रण कायद्याखाली येणाऱ्या जागेत पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालक दुरुस्ती करत नसेल, तर ती स्वतः करून वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत रक्कम भाड्यातून वळती करता येते. भाड्याची पावती मागायला लाजू नका. आणि इंजिनिअरने बाहेर पडा म्हटलं तर कागद घेऊन बाहेर पडा, सामानासाठी मागे राहू नका.

आमच्या जिन्याचं काम सात आठवडे चाललं. गंजलेल्या सळया काढल्या, नव्या बांधल्या, आवरण नव्याने दिलं. दोन कुटुंबं तेवढे दिवस आमच्या जुन्या घराच्या पडवीत राहिली आणि ठरल्याप्रमाणे आपापल्या खोल्यांत परत गेली. खर्चासाठी सासूबाईंच्या पाटल्या मोडल्या. दिरांना ते अजून खुपतं.

वरच्या मजल्याचा अर्ज अजून निकालात निघालेला नाही. उद्या तो मजला उतरवावा लागला तर वरच्या चार कुटुंबांचं काय, याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. खालच्या दोन खोल्या नव्याने कोणाला द्यायच्या नाहीत, एवढं मात्र आम्ही ठरवलं आहे. मावशी दर महिन्याच्या पाच तारखेला भाडं घेऊन येतात, पावती घडी घालून पदराला बांधतात आणि विचारतात, ‘ताई, त्या वरच्या कागदाचं काय झालं?’ मी फाईल काढते आणि शेवटचं पान त्यांच्यासमोर ठेवते.